तेराच्या पुढे न सरकलेले माप

पंजाबातील कपूरथळा जिल्ह्यात, काली बेईं नावाच्या लहानशा नदीच्या काठी सुलतानपूर लोधी हे जुने गाव आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तेथे दौलतखान लोदीचा अंमल होता. सरकारी धान्याचे कोठार गावात असे. त्याला ‘मोदीखाना’ म्हणत. धान्य मोजून घेणे, मोजून देणे आणि त्याचा चोख हिशेब ठेवणे हे तेथील मोद्याचे काम. या जागेवर एका तरुणाची नेमणूक झाली. त्याची थोरली बहीण बेबे नानकी हिचे यजमान जयराम हे दौलतखानाच्या पदरी होते; त्यांनी शब्द टाकला म्हणून ही नोकरी मिळाली. घरच्यांना हायसे वाटले. मुलगा व्यवहारात रमत नाही, ही त्याचे वडील मेहता कालू यांची जुनी तक्रार होती. फायद्याचा सौदा करण्यासाठी दिलेले वीस रुपये त्याने भुकेल्या साधूंच्या भोजनावर खर्च केल्याची गोष्ट ते विसरले नव्हते. १४६९ साली तलवंडी येथे जन्मलेला हा तरुण म्हणजे पुढे जगाला गुरू नानक म्हणून परिचित झालेले सत्पुरुष होत.

जन्मसाख्यांत या मोदीखान्याची एक कथा सांगितली जाते. नानक धान्य मोजून देत असत. एक, दोन, तीन असे करीत माप बारापर्यंत येई आणि तेरावे माप टाकताना तोंडातून ‘तेरा’ हा शब्द निघे. तेरा म्हणजे संख्या, आणि तेरा म्हणजे ‘तुझे’. त्या शब्दासरशी त्यांचे चित्त परमेश्वराकडे लागे आणि मग प्रत्येक मापाला ‘तेरा, तेरा’ हाच उच्चार होत राही. माप तेराच्या पुढे सरकेना आणि घेणाऱ्याची गोणी मात्र भरत जाई. साहजिकच चहाड्या झाल्या. मोदी सरकारी धान्य लुटवीत आहे, असे दौलतखानाच्या कानावर गेले. हिशेबतपासणीचा हुकूम निघाला. कोठारातील शिल्लक आणि वहीतील नोंदी ताडून पाहण्यात आल्या. तूट तर निघाली नाहीच, उलट काही रक्कम मोद्यालाच येणे निघाली.

जन्मसाख्या भाविकांनी मागाहून लिहिलेल्या आहेत. त्यांतील प्रत्येक प्रसंग इतिहासाच्या कसोटीला लावण्याचे कारण नाही. परंतु एखादा समाज पाचशे वर्षे कोणती गोष्ट जपून ठेवतो, यावरून त्याच्या श्रद्धेचा कल कळतो. सुलतानपुरात आज ‘हट्ट साहिब’ नावाचा गुरुद्वारा आहे आणि तेथे जुनी दगडी वजने श्रद्धेने जतन केलेली आहेत. एका धर्मसंस्थापकाची आठवण म्हणून लोक वजने पाहायला जातात, ही घटना धर्मांच्या इतिहासात विरळाच म्हटली पाहिजे.

या कथेत दोन हिशेब आहेत. एक धान्याचा; तो तपासणीत पैन् पै जुळला. दुसरा नामस्मरणाचा, तो कोणी ठेवलाच नाही. किती वेळा ‘तेरा’ म्हटले, याची नोंद नानकांनी केली नाही आणि तपासनिसांनीही ती मागितली नाही. व्यवहाराची मोजदाद चोख आणि स्मरणाची मोजदाद मुळीच नाही, असा हा मेळ आहे. आधुनिक शीख समाजात धर्मविधी आणि ध्यान यांविषयी जे प्रश्न आज विचारले जात आहेत, त्यांचे मर्म समजण्यास ही कथा फार उपयोगी पडते.

शीख पंथाचा उगमच मुळी प्रश्नातून झाला आहे. उपनयनाच्या वेळी बाल नानकांनी पुरोहिताला विचारले, की हा सुताचा धागा मळेल, तुटेल, जळेल. दया, संतोष, संयम आणि सत्य यांचे जे जानवे कधी तुटत नाही, ते तुमच्यापाशी आहे काय? हरिद्वारला लोक पूर्वेकडे तोंड करून पितरांना पाणी देत होते. नानक पश्चिमेकडे ओंजळी टाकू लागले. विचारणा होताच त्यांनी सांगितले, की दूरवरच्या आपल्या शेताला ते पाणी देत आहेत. तुमचे पाणी परलोकी पोहोचत असेल, तर माझे शेत त्यामानाने जवळच आहे! जगन्नाथपुरीला तबकातील निरांजनांची आरती चालली असता, सूर्यचंद्र ज्यात दिवे आहेत अशी आकाशाच्या तबकाची आरती त्यांना दिसली, आणि त्या आशयाची त्यांची रचना गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहे. या प्रसंगांत कोणाची मूर्ती फोडलेली नाही, कोणाचा विधी बळाने थांबविलेला नाही. करणाऱ्याने आपण काय करीत आहोत याकडे पाहावे, एवढीच अपेक्षा आहे.

योग्यांशी झालेला त्यांचा संवाद ‘सिद्ध गोष्ट’ या रचनेत आहे. कानांत मुद्रा, अंगाला राख, हाती दंड घेऊन डोंगरकपारीत राहणाऱ्या सिद्धांना नानकांनी गृहस्थाचा मार्ग सांगितला. संसारात राहावे, कष्टाची भाकरी खावी, ती वाटून खावी आणि नाम घ्यावे, ही शिकवण शीख परंपरेत ‘किरत करणे, नाम जपणे, वंड छकणे’ या तीन शब्दप्रयोगांनी ओळखली जाते. या तिहींत ध्यान एकटे उभे नाही. एका बाजूला श्रम आणि दुसऱ्या बाजूला दान अशा दोन खांबांमध्ये ते आहे.

अशा पंथात पाचशे वर्षांनंतर विधींविषयी तक्रार ऐकू यावी, याचे नवल वाटते. पण मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच असतो. तिसरे गुरू अमरदास यांनी गोइंदवाल येथे लोकांच्या सोयीसाठी ८४ पायऱ्यांची बावडी बांधविली. तेथे येणाऱ्याने जातपात न पाहता एका पंगतीत बसून लंगरात जेवावे, हा त्यांचा दंडक होता. काळाच्या ओघात त्या ८४ पायऱ्यांचा संबंध ८४ लक्ष योनींशी जोडला गेला. प्रत्येक पायरीवर एकदा जपुजी साहिबाचा पाठ आणि दर वेळी स्नान, असे ८४ वेळा केल्यास जन्ममरणाचा फेरा चुकतो, अशी श्रद्धा रूढ झाली. जपुजी साहिबात ३८ पौडी आहेत आणि केवळ तीर्थस्नानाने काही साधत नाही, असा विचार त्याच रचनेत आहे. तोच पाठ स्नानांच्या मोजणीसाठी वापरला जावा, यातील विसंगती पुष्कळ शीख विचारवंतांना खुपते.

या प्रश्नाचे सर्वांत ठळक रूप ‘अखंड पाठ’ या विधीत दिसते. गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली सिद्ध केलेल्या आणि पुढे दहाव्या गुरूंनी गुरुपद दिलेल्या या ग्रंथाची प्रचलित पाने, ज्यांना आदराने ‘अंग’ म्हणतात, १४३० आहेत. अखंड पाठात ती सुमारे ४८ तासांत, क्षणाचाही खंड न पडू देता, वाचून पूर्ण करावयाची असतात. म्हणजे तासाला सुमारे ३० पाने, एका पानाला दोन मिनिटे. एक वाचक, ज्याला ‘पाठी’ म्हणतात, थकला की दुसरा त्याच्या शेजारी येऊन बसतो, त्याच ओळीत स्वर मिळवतो आणि मग पहिला उठतो. अठराव्या शतकात शिखांवर भयंकर संकटे आली, जंगलांचा आश्रय घ्यावा लागला. त्या धामधुमीच्या काळाशी या प्रथेचे नाते सांगितले जाते. उद्याचा भरवसा नसताना सर्वांनी मिळून संपूर्ण ग्रंथ एका बैठकीत ऐकणे, यातील आर्तता समजण्यासारखी आहे.

आज मात्र चित्र पुष्कळ ठिकाणी निराळे दिसते. घरात विवाह, नवी वास्तू, परदेशगमन किंवा मृत्यू, काहीही असले तरी अखंड पाठ ठेवला जातो. पाठींचा संच ठरविला जातो, त्यांचे मानधन निश्चित होते. अंगणात मांडव पडतो, आचारी येतात, पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. वरच्या खोलीत रात्री दोन वाजता एक पाठी एकटाच वाचत असतो. त्याच्यासमोर अंथरलेल्या सतरंजीवर कोणी नसते. खाली यजमान दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या व्यवस्थेत गुंतलेला असतो. तिसऱ्या दिवशी ‘भोग’ म्हणजे समाप्ती होते, सर्वजण मस्तक टेकवतात, प्रसाद होतो आणि पाठ ‘झाला’ अशी नोंद मनात पक्की होते. ४८ तास शब्द उच्चारले गेले. परंतु ज्या घरासाठी ते उच्चारले गेले, त्या घराने ते ऐकले काय?

हा प्रश्न कोणा बाहेरच्या टीकाकाराचा नाही. शिखांच्या आचारसंहितेनेच, म्हणजे ‘सिख रहित मर्यादे’ने, तो विचारला आहे. तिच्यासाठी १९३१ साली समिती नेमली गेली, शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने १९३६ साली तिला मान्यता दिली आणि १९४५ साली तिला सध्याचे रूप आले. अखंड पाठाविषयी ती सांगते, की पाठ शक्यतो कुटुंबीयांनी, आप्तांनी व मित्रांनी स्वतः करावा. वाचता येत नसेल, तर जाणत्या वाचकाकडून बसून ऐकावा. पाठी एकटाच वाचतो आहे आणि घरचे किंवा संगतीतले कोणी ऐकत नाही, असे होऊ नये. पाठाजवळ पाण्याचा कुंभ, तुपाचा दिवा, नारळ ठेवणे हे गुरुमताला धरून नाही, असेही तीत स्पष्ट म्हटले आहे. ग्रंथाच्या मंचाखाली पाणी ठेवणे, मंचाचे पाय चेपणे, भिंतींवर नाक घासणे यांनाही तीत मनाई आहे. मनाई करावी लागली, याचाच अर्थ असा की या प्रथा त्या वेळी चालू होत्या. त्यांतील काही आजही चालू आहेत.

याच मर्यादेत ‘साधारण पाठ’ही सांगितला आहे. प्रत्येक शीख स्त्रीपुरुषाने गुरुमुखी शिकावी आणि स्वतः थोडे थोडे वाचत महिना-दोन महिन्यांत ग्रंथ पुरा करावा, अशी तीत अपेक्षा आहे. दोन महिन्यांच्या हिशेबाने दिवसाला सुमारे २४ पाने होतात. यात मांडव लागत नाही, आचारी लागत नाही, मानधनही लागत नाही. लागतो तो स्वतःचा वेळ. आणि नेमका तोच देणे अवघड जाते. अखंड पाठाची नोंदणी करून आपल्या पाळीची वाट पाहणारी कुटुंबे आढळतात. साधारण पाठासाठी अशी रांग लागण्याचे कारणच नाही.

प्रश्न विचारणाऱ्यांना या समाजात मोल द्यावे लागले आहे, हेही सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात रावळपिंडीच्या बाबा दयालांनी मूर्तिपूजा आणि खर्चिक कर्मकांड यांविरुद्ध आवाज उठविला. १८७३ साली अमृतसरला आणि १८७९ साली लाहोरला सिंघ सभा स्थापन झाल्या. लाहोर सभेचे एक प्रमुख प्रोफेसर गुरुमुख सिंघ यांनी गुरूंच्या वंशजांना गुरूंसारखा मान देण्याच्या प्रथेस आणि रूढ कर्मकांडांस विरोध केला. १८८७ साली त्यांना पंथाबाहेर काढण्याचा हुकूम निघाला. १८९८ साली ते बहिष्कृत म्हणूनच वारले. पुढे १९०५ साली हरिमंदिराच्या परिक्रमेतील मूर्ती हलविण्यात आल्या, १९०९ साली आनंद विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली, १९२५ साली गुरुद्वारा कायदा झाला. ज्या विचारासाठी त्यांना बाहेर काढले गेले, तो विचारच पंथाचा मुख्य प्रवाह झाला. त्यांच्यावरील बहिष्काराचा हुकूम मात्र १९९५ साली, म्हणजे १०८ वर्षांनी मागे घेण्यात आला. २००३ साली गुरुबख्श सिंघ काला अफगाना या लेखकावर, रूढ विधींवरील त्यांच्या पुस्तकांमुळे, अशीच कारवाई झाली. त्यांचे प्रत्येक मत योग्य होते, असे म्हणण्याचा हेतू येथे नाही. प्रश्नाला हुकमाने उत्तर दिले, की प्रश्न संपत नाही, तो पुढच्या पिढीकडे जातो, एवढे या शंभर वर्षांवरून दिसते.

येथवर वाचून एखाद्याला वाटेल, की विधी टाकून द्यावे म्हणजे झाले. प्रश्न इतका सोपा नाही आणि तो किती अवघड आहे, हे पाहण्यास महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. नांदेडला गोदावरीकाठी दहावे गुरू गोबिंदसिंघ यांनी १७०८ साली देह ठेवला. तेथील तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. त्याचा कारभार १९५६ च्या स्वतंत्र कायद्याने चालतो. तेथे रोज गोदावरीचे पाणी गागरीने आणून तख्ताचे स्नान होते, चंदन लावले जाते आणि दिवे ओवाळून आरती होते. दीप ओवाळून आरती करणे अमृतसरच्या मर्यादेला मान्य नाही. नांदेडच्या सेवेकऱ्यांचे म्हणणे असे, की गुरूंच्या अखेरच्या सहवासापासून चालत आलेला हा वारसा आहे; पंजाबात सत्तांतरे झाली, उलथापालथ झाली, तेव्हा दूर दक्षिणेत आम्ही तो सांभाळला. पहाटे थंडीत गागर डोक्यावर घेऊन नदीवरून अनवाणी येणाऱ्या सेवेकऱ्याला, तुझी कृती पोकळ आहे, असे कोणी कोणत्या अधिकाराने सांगावे? त्या गागरीतले मन बाहेरून मोजता येत नाही.

म्हणून विधींचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. गुरुमुखी न येणारी एखादी वृद्ध माता अखंड पाठाच्या खोलीत रात्रभर बसते. अर्थ पुरता कळत नाही, पण त्या स्वरात तिला गेलेल्या मुलाच्या दुःखाशी बोलता येते. तिचे ऐकणे खरे आहे. त्याच घरातला कर्ता पुरुष, पाठाला किती खर्च झाला आणि किती माणसे जेवली यावरून आपले कर्तव्य पार पडल्याचे समाधान मानतो. विधी एकच, पण एकाला तो आधार झाला आणि दुसऱ्याला पळवाट. पंजाबातील शेतकरी कुटुंबांत मृत्यूनंतरच्या भोगाच्या जेवणावळी ऐपतीबाहेर गेल्याची खंत तेथील सुधारक वारंवार व्यक्त करतात. गुरूंच्या नावाने कर्ज काढून पंगती उठाव्यात आणि त्या कर्जाचा हप्ता विधवेने फेडावा, येथे विधीची चिकित्सा हा केवळ बौद्धिक वादाचा विषय राहत नाही.

विधींपाठोपाठ ध्यानाविषयीही असाच विचार आज होऊ लागला आहे. रहित मर्यादा शिखाला अमृतवेळी, म्हणजे पहाटे तीनच्या सुमारास उठून, स्नान करून, एका अकालपुरुषाचे ध्यान करीत ‘वाहेगुरू’ नाम जपण्यास सांगते. नाम कसे जपावे, याच्या रीती मात्र निरनिराळ्या आहेत. भाई रणधीर सिंघ यांच्या परंपरेत श्वासाबरोबर नाम घेण्यावर भर आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत योगी भजन यांनी कुंडलिनी योगाची सांगड शीख आचाराशी घातली. पुष्कळ गोऱ्या स्त्रीपुरुषांनी पगड्या बांधल्या, अमृतवेळ पाळली. यावर अनेक शीख अभ्यासकांनी आक्षेप घेतला, की ज्या नानकांनी हठयोग्यांना प्रपंचाकडे वळविले, त्यांच्याच नावाने आसने आणि चक्रे परत येत आहेत. दुसऱ्या बाजूचे उत्तर असे, की श्वासोच्छ्वासी स्मरण करण्याचा उपदेश गुरुवाणीत आहेच. मग श्वासाकडे लक्ष देण्यात गैर ते काय?

दोन्ही बाजूंना काही आधार आहे. पण वाद श्वासाच्या रीतीवर रेंगाळला, की मूळ मुद्दा दूर राहतो. सुखमनी साहिबात २४ अष्टपदी आहेत. माणूस दिवसभरात २४,००० श्वास घेतो आणि एका पाठाने ते सारे सफल होतात, अशी समजूत लोकांत आहे. हाती लोखंडी मण्यांचा ‘सिमरना’ असतो. अलीकडे बोटाने दाबावयाची मोजयंत्रेही आली आहेत. चाळीस दिवसांचे नेम, इतक्या लक्ष जपांचे संकल्प यांची चर्चा होते. मोजणे मुळात वाईट नाही. नवशिक्याला ते चित्त स्थिर करण्यास मदत करते. परंतु ‘तेरा’ या शब्दाशी ज्याची मोजणीच थांबली, त्याच्या अनुयायांनी आकड्यांत समाधान शोधावे, याचा विचार व्हावयास हवा. प्राध्यापक साहिब सिंघ यांच्यासारख्या विद्वानाने आयुष्य खर्चून गुरू ग्रंथसाहिबाचे व्याकरण उलगडले आणि दहा खंडांचे ‘दर्पण’ हे भाष्य लिहिले, ते शब्दामागचा अर्थ सामान्य माणसाच्या हाती यावा म्हणून.

ध्यान कोठे करावे, या प्रश्नाचे एक उत्तर त्या ग्रंथात मराठी माणसाच्या तोंडूनच आलेले आहे. संत नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान येथे त्यांचे वास्तव्य झाले, अशी परंपरा आहे; २०१५ साली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच गावी भरले होते. ग्रंथातील कबीरांच्या श्लोकांत नामदेव आणि त्यांचे स्नेही संत त्रिलोचन यांचा लहानसा संवाद आला आहे. त्रिलोचनांना दिसते, की नामदेव कापडावर छपाईचे काम करण्यात गढून गेले आहेत. ते विचारतात, की मित्रा, हे काय मायेत अडकून बसलास? रामाकडे चित्त का लावीत नाहीस? नामदेवांच्या उत्तराचा भाव असा, की मुखाने राम घ्यावा, हातापायांनी सारे काम करावे आणि चित्त निरंजनापाशी ठेवावे.

त्रिलोचनांचा प्रश्न आजही विचारला जातो. कामातून वेळ मिळत नाही, म्हणून ध्यान होत नाही, असे पुष्कळांना वाटते. मग ध्यानासाठी शिबिर गाठले जाते, पाठासाठी पाठी ठरविला जातो. छपाईच्या ठशाजवळ बसलेल्या नामदेवांना तो वेळ वेगळा काढावा लागला नाही. त्यांचा ठसा सरळ उमटत होता की वाकडा, हीही त्यांच्या चित्ताची परीक्षाच होती. मोदीखान्यातील माप आणि शिंप्याचे कापड यांत हेच साम्य आहे. स्मरणाने काम बिघडले नाही आणि कामाने स्मरण खंडित झाले नाही.

गुरू नानकांनी आयुष्याची अखेरची वर्षे रावीकाठच्या कर्तारपुरात घालविली. उदासी म्हणजे दूरदूरचे प्रवास संपले होते. तेथे त्यांनी साधूचा वेष उतरवून पुन्हा गृहस्थाचे कपडे घातले आणि शेती केली. भाई गुरदास यांच्या वर्णनावरून तेथे पहाटे जपुजीचा पाठ होई आणि संध्याकाळी सोदर व आरती म्हटली जाई. म्हणजे नित्यनेम होता, विधीही होता. परंतु पहाटेचा पाठ झाला, की शेताकडे जावे लागे आणि शेतातले धान्य लंगरात येई. १५३९ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. पाठ आणि नांगर यांमध्ये तेथे भिंत उभी राहिली नव्हती.

आजच्या विधींकडे पाहताना कर्तारपूरची ही दिनचर्या डोळ्यांसमोर ठेवली, तर पुष्कळ वाद निवळतील. पाठानंतर माणूस कोठे जातो, हे पाहावे. दुकानात जात असेल, तर तेथील तराजू पाहावा. कार्यालयात जात असेल, तर त्याच्या टेबलासमोर ताटकळणाऱ्याला तो कसे वागवतो, ते पाहावे. घरी जात असेल, तर वृद्ध आईशेजारी तो किती वेळ बसतो, ते पाहावे. सुलतानपूरच्या तपासनिसांनी मोद्याचा जप तपासला नव्हता. त्यांनी कोठार उघडले, धान्य मोजले आणि वही पाहिली.